दोनशे पानांचा देह

आमच्या कोर्टात फाईल शिवत असत.
खरोखरीच. दाभण, मेणाचा दोरा, कडेला तीन भोकं.
दोनशे पानं भरली की त्याला 'देह' म्हणायचं
आणि पुढचा देह सुरू करायचा.
सांता फे, दिवाणी कोर्ट क्रमांक सात, जिन्याखालची खोली:
माझी उमेद तिथं गेली.

इल्दा ओयार्सुन हाताखाली आली तेव्हा एकोणीसची.
सकाळी दोरा ओवायची, रात्री कायदा शिकायची.
टाके वाईट, एक इकडे, एक परान्याच्या पलीकडे.
म्हटलं, पोरी, तू वकीलच हो.

ती प्राध्यापक झाली.

मग एकदा वही घेऊन परत त्याच खोलीत आली,
महिनाभर स्टुलावर बसून राहिली.
कुठली फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस, एवढंच लिहायची.
न्यायाधीश बेराल्दींना वाटलं पाळत त्यांच्यावरच आहे;
त्या महिन्यात ते वेळेवर येत.
शेवटी तिनं बेरीज मांडली:
अकरा वर्षं चाललेल्या दाव्यात
माणसाचा हात कागदाला लागला तो एकूण नऊ दिवस.
बाकी नुसतं पडून राहणं.
तिच्या प्रबंधात त्याला भारदस्त शब्द आहे.
मी भिजत घोंगडं म्हणतो.

आणि मग खरंच भिजलं.
नदी चढली, पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीला टेकलं.
मी शिवलेले देह मीच उसवले.
विद्यापीठाच्या व्यायामशाळेत
पान पान दोरीवर वाळत घातलं, कपड्यांच्या चिमट्यांनी.
घटस्फोट, वारसा, कुंपणाचं भांडण
एकाच रांगेत फडफडत होते,
शाई उतरून कुणाची सही कुणाच्या पानावर.
इल्दा शिडीवर, तोंडात चिमटे.
तशीच म्हणाली, हे पुन्हा नको.

पुढची वर्षं मला नीट कळली नाहीत.
स्कॅनर आले, पासवर्ड आले.
ती मोन्तेविदेओला बोलली, बोगोताला बोलली,
समितीचा राजीनामा दोनदा दिला, एकदा तो मंजूर झाला.
माझं दाभण ड्रॉवरमध्ये गेलं
आणि मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं.
सहा महिने मी तिच्याशी बोललो नाही.
हे तिच्या गौरवग्रंथात कुणी लिहिणार नाही, म्हणून इथं.

मग तिच्या विद्यार्थ्यांनी एक प्रणाली बांधली.
ज्या प्रकरणात पाच वर्षं पान हललं नाही ते ओळखायचं, बंद करायचं.
पहिल्या रात्रीत चार हजार.
पेपरात आकडा आला, आकड्याशेजारी इल्दा.

तिसऱ्या दिवशी रामोना चापार्रो आली, दोन बस बदलून.
नवरा तेलाच्या गिरणीत गेला होता, भरपाईचा दावा.
सात वर्षं फाईल निपचित होती
कारण पुढचा अर्ज तिनं करायचा होता
आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
ती मात्र दर महिन्याला येऊन विचारून जायची.
विचारणं कुठं नोंदत नाहीत.
यंत्राला दिसली ती कोरी जागा.

इल्दानं चारही हजार उघडायला लावली.
विद्यार्थी चिडले, मंत्रालय चिडलं.
एका संध्याकाळी ती माझ्या खिडकीशी आली,
रांगेत उभी राहून, लोकांसारखी.
पडद्यावर नवा रकाना दाखवला:
'येऊन विचारून गेले.'
म्हणाली, जुनं तर कुणाकडेच नाही.

माझ्याकडे होतं.
"अजून काही नाही, बाई" हे मीच म्हणायचो,
काचेच्या भोकातून, कॉफी निवायच्या आत.

किती वेळा? तिनं विचारलं.
दर महिन्याला, म्हटलं, सात वर्षं.
तिनं चौऱ्याऐंशी लिहिलं.
मी थांबवलं तिला. एका फेब्रुवारीत आली नव्हती,
पाय प्लास्टरमध्ये होता, भाचा सांगून गेला.
इल्दानं आकडा खोडला.
त्र्याऐंशी, म्हणाली, आणि भाच्याची एक वेगळी.